बोळकांडीच्या टोकावरून दिसणारे बंदर

जबाब देणार: खाली सही करणारी. वय सदुसष्ट. धंदा पूर्वी शिडे आणि ताडपत्र्या शिवण्याचा, आता घरीच. राहणार बंदराचा चढ, दोरखंडाच्या दुकानावरचा तिसरा मजला, जिन्यासमोरचे दार. दाराची कडी कालपासून तुटलेली आहे.

मी आज ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारले त्याची उत्तरे माझ्या शब्दांत देते. मला कोणी काही शिकवलेले नाही. शिकवायचा प्रयत्न झाला, त्याबद्दल पुढे सांगते.

वरील पत्त्यावर मी लग्न झाल्यापासून राहते. सध्या एकटी राहते. माझे पती गेल्या हिवाळ्यात वारले. बोलताना मी त्यांना 'हे' म्हणते, पण कागदावर 'हे' म्हणजे कोण ते कळत नाही असे जबाब लिहून घेणाऱ्या अंमलदार बाईंचे म्हणणे पडले, म्हणून पती. मला एक मुलगा आहे. तो दुसऱ्या शहरात नोकरी करतो. आज पहिल्या बसने आला आणि आत्ता बाहेर बाकावर बसला आहे.

काल दुपारी उन्हे कलल्यावर आमच्या खालच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्या काकांनी ठाण्याला फोन केला. वरच्या बाईंच्या घरात कोणी पुरुष शिरला आहे, बाई त्याच्यावर ओरडत आहेत, इकडून तिकडे पळापळ चालली आहे, मग काहीतरी धाडकन पडले आणि सगळे एकदम गप्प झाले, असे त्यांनी कळवले. काकांविरुद्ध माझी काही तक्रार नाही. त्यांचा धंदाच कान देऊन ऐकण्याचा आहे. त्यांनी सांगितलेले शब्दही बरोबर आहेत. "अहो, मागे सरका," "अहो, किती वेळा सांगायचं," "अहो, ओळीत नका ना टाकू," हे सगळे मी बोलले. चांगले मोठ्याने बोलले.

फोननंतर अंमलदार बाई आणि एक जाडसर शिपाई आले. त्यांनी दार वाजवले, हाका मारल्या. मी ऐकल्या, पण दार उघडले नाही. म्हणून शिपायांनी खांदा लावून दार उघडले. कडी जुनी होती, तिच्याबद्दलही तक्रार नाही.

बाईंचे म्हणणे असे की त्यांना एवढेच लिहून हवे आहे, त्या वेळी घरात माझ्याशिवाय कोण होते. असेल तर त्याचे नाव, नसेल तर नाही. एका ओळीचे काम आहे म्हणाल्या. मी म्हटले, एका ओळीत तोंडातून निघाले असते तर काल दारातच सांगितले असते. यावर त्यांनी चहा मागवला.

पती बंदरात जहाजांच्या अंगावर नावे रंगवायचे. एकेक अक्षर माणसापेक्षा उंच. वरून दोरांनी फळी सोडतात, तिच्यावर बसून रंगवायचे. फळीवरच्या माणसाला अक्षर दिसत नाही, नाकासमोर नुसता रंग दिसतो. म्हणून खाली धक्क्यावर एक जोडीदार उभा लागतो. तो लांबून बघतो आणि ओरडतो, पोट सुटलंय, वर घे, डावा पाय जाड कर. रंगवणाऱ्याने मागे वळून बघायचे नाही आणि जोडीदाराने जे दिसेल तेच बोलायचे, असा त्या कामातला नेम. एकदा थंडी फार होती, अंधार पडत आला होता, तेव्हा एका जोडीदाराला पतींची दया आली. तो म्हणाला, "मस्त झालंय, उतर खाली." ते जहाज वाकडे नाव घेऊन जगभर हिंडले. ते बंदरात लागले की पती त्या धक्क्याकडे फिरकायचे नाहीत, लांबचा वळसा घालून कामावर जायचे. भिडस्त माणूस धक्क्यावर उभा करू नये, असे ते नेहमी म्हणत.

पुढे एकदा बंदर कचेरीत शिक्का घ्यायला रांगेत उभे असताना त्यांनी भिंतीवर एक छापील चित्र पाहिले. बंदराचेच होते. पाणी, शिडे, डोलकाठ्या, आणि सगळे नुसत्या ठिपक्यांचे. निळ्याशेजारी नारिंगी, पिवळ्याशेजारी जांभळा, कुठेही रंगात रंग कालवलेला नाही. रांगेच्या शेवटी उभे राहिले की संध्याकाळचे बंदर दिसायचे आणि रांग पुढे सरकली की त्याचे नुसते सांडलेले मणी व्हायचे. पतींचा नंबर आला की ते पुन्हा शेवटी जाऊन उभे राहायचे. असे करता करता कचेरी बंद झाली. चित्राखाली शैलीचे नाव होते, नवदृक्प्रत्ययवादी. हा शब्द त्यांना मरेपर्यंत धड म्हणता आला नाही. मलाही येत नाही. बाईंनी आत्ता तो खोडून पुन्हा लिहिला आहे. त्या दिवशी ते शिक्का न घेताच घरी आले आणि म्हणाले, "अगं, हे तर आपलंच काम आहे. फक्त जोडीदार पाहिजे."

जोडीदार मी.

आमच्या घराला एक बोळकांडी आहे. एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला खिडकीची खोली, मध्ये जिन्याकडचे दार. घर बघायला आलेले लोक या बोळकांडीला नावे ठेवायचे, सगळी जागा हिनेच खाल्ली म्हणायचे. आमचे सगळे काम तिच्यावर चालले. खोलीच्या भिंतीवर मी शिवलेले शिडाचे कापड ताणून बसवले. त्याच्याशी नाक लावून पती बसायचे आणि मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहायची. चित्र आमच्याच बंदराचे, खिडकीतून दिसते तसे, उन्हे कलतानाचे. मला रंगांची नावे फारशी येत नाहीत. मी सांगायची, "पाणी जड झालंय," "होडी तरंगत नाहीये, चिकटलीय," "धक्का ओला वाटत नाही." ते ठिपका टाकायचे, मी पुन्हा बघायची. मध्ये त्यांची पाठ यायची म्हणून "अहो, मागे सरका" हे माझ्या तोंडी बसले ते बसलेच. भाजी फोडणीला टाकून यायची आणि दीपगृह पिवळे झाले म्हणून ओरडायची. भाजी करपली की ते म्हणायचे, दीपगृह सुधारलं ना, मग झालं. माझ्या संसाराची बरीच वर्षे मी ह्यांची पाठ बघण्यात घालवली. बाईंनी विचारले, हे वाक्य कामाचे आहे का, कापू का. कापू नका.

तेव्हाही आमचा आवाज खाली जायचा. घड्याळवाले काका छताला काठी ठोकायचे, आम्ही आवाज कमी करायचो, थोड्या वेळाने पुन्हा चढायचा. तेव्हा त्यांनी कधी पोलीस बोलावले नाहीत. काल बोलावले, कारण 'अहो' म्हणण्याजोगे त्या घरात आता कोणी नाही हे त्यांना माहीत आहे. पतींच्या शेवटच्या दिवशी काकाही आले होते.

शेवटच्या दिवसाबद्दल बाईंनी विचारले नाही, मी सांगते. सकाळची वेळ होती. पती म्हणाले, "खाण्याआधी एक निळा टाकतो," आणि जाऊन बसले. मी टोकाला उभी राहिले. त्यांचा हात खाली होता. मला वाटले रंग शोधताहेत. मी वाट पाहिली. ते शोधायला वेळ लावायचेच, घाई केलेली त्यांना खपत नसे. मग मी म्हटले, "अहो, मागे सरका, दिसत नाहीये."

त्यापुढचे डॉक्टरांच्या कागदात आहे.

चित्र सगळे झाले होते, उजवीकडचा खालचा कोपरा तेवढा राहिला. धक्क्याच्या पायऱ्या जिथे पाण्यात उतरतात तिथले पाणी. तिथे कोरे कापड होते. मी टोकाला गेले की मला बंदर दिसायचेच नाही, ते कोरे दिसायचे. बरेच महिने मी खोलीचे दार लावून घेतले. मग मला त्या दाराचाच राग येऊ लागला, ते उघडले आणि ब्रश हातात घेतला.

एकटीने ते काम होत नाही. जवळ बसले तर काय चुकले ते दिसत नाही. लांब गेले तर हात पोचत नाही. नुसते मनात ठरवून जवळ यावे तर वाटेतच विसरायला होते. म्हणून मी टोकाला जाऊन नेहमीसारखी मोठ्याने ओरडते, मग पळत येऊन ओरडले तसे करते. हाक मारल्याशिवाय माझा हात चालत नाही. घड्याळवाल्यांनी ऐकलेली पळापळ ती. गुडघे असे की पळापळ म्हणणे हा त्यांचा मोठेपणा.

आता 'ओळीत नका टाकू' याचा खुलासा. पतींचे ठिपके विखुरलेले असायचे, मूठभर धान्य टाकावे तसे. माझे ठिपके ओळीत पडतात. सगळा जन्म शिडांना टाके घातले, हाताला दुसरे येत नाही. सारख्या अंतरावर, सरळ रेषेत, शेवटी गाठ मारल्यासारखा एक जाड ठिपका. जवळून चांगले दिसते. टोकावरून पाहिले तर पाणी फाटले होते आणि कोणीतरी ते शिवले आहे असे वाटायचे. बंदराला ठिगळ. मी ते पुसायची, पुन्हा टाकायची, पुन्हा शिवण. तेव्हा टोकावरून मी चिडून म्हणायची, अहो, ओळीत नका ना टाकू.

बाईंनी इथे थांबून विचारले, ओळीत ठिपके कोण टाकत होते? मी. मग ओरडत कोणावर होतात? याचे उत्तर मला शेवटी देऊ द्यावे असे मी म्हटले. त्यांनी घड्याळाकडे पाहिले, पण होकार दिला.

काल दुपारी मी डावा हात लावून पाहिला. डाव्या हाताने मला टाका येत नाही, त्यामुळे ठिपके कुठेही पडले. ऊन त्या भिंतीवर थोडाच वेळ असते, ते जायच्या आत बघावे म्हणून मी उलट पावली मागे निघाले आणि बोळकांडीतल्या स्टुलावर आदळले. धाडकन पडले ते स्टूल. मी पडले नाही, हे मुलासाठी लिहा. टोकाला पोचून मी वळले आणि पाहिले. पायरीपाशी पाणी होते. शिवण नव्हती. पाणी हलत होते.

मी गप्प झाले ती त्यामुळे. काम झाले की धक्क्यावरच्या जोडीदाराने 'बस' म्हणायचे असते. तो 'बस' म्हणाला की फळी खाली घेतात, दोर सोडतात, माणसे घरी जातात. मला 'बस' म्हणवेना. एवढ्यात दार वाजले. दार उघडून मला कोणाला आत घ्यायचे नव्हते. मला तिथेच उभे राहायचे होते, दुसरे कारण नाही.

कडी तुटल्यावर शिपाई सरळ खोलीत गेले आणि चित्रापाशी जाऊन उभे राहिले. माझ्याकडे त्यांची पाठ होती. पाठीकडून माणसे बरीच सारखी दिसतात. शिपाई म्हणाले, "इथे कोणी नाही. नुसते ठिपके आहेत." अंमलदार बाई बोळकांडीत माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, जरा मागे सरका," ते शिपायांना. मग मला म्हणाल्या, "पाणी हलतंय का हो ते?" हे त्यांना जबाबात घ्यायचे नव्हते, मी घ्यायला लावले. टोकावरून ते चित्र पाहिलेले माणूस माझ्यानंतर त्या पहिल्याच.

आता शिकवण्याबद्दल. काल रात्री मुलाचा फोन आला. घड्याळवाल्यांनी त्याला सगळा पाढा वाचून दाखवला होता. तो म्हणाला, "आई, टीव्ही चालू होता म्हण. मालिका बघत होते आणि त्यातल्या माणसांवर ओरडत होते म्हण. सगळ्यांच्या आया ओरडतात. सही कर आणि मोकळी हो." मी म्हटले, टीव्ही बंद होता. तो म्हणाला, "ते कोण बघायला आलंय? पण तू भिंतीशी बोलतेस असं लेखी झालं, तर मी तुला तिथे एकटीला कोणत्या तोंडाने ठेवू? मग मला तुला घेऊन यावं लागेल, आई. तुला आवडो न आवडो."

मुलगा वाईट नाही. मी त्या घरात पडले तर कळणार कोणाला, हे त्याचे म्हणणे खोटे नाही. त्याने माझ्यासाठी एक खोली रिकामी केली आहे, सून पडदेही लावून मोकळी झाली. घर चांगले आहे. हवा येते. पण खोल्या चौकोनी आहेत. कुठेही उभे राहिले तरी समोरची भिंत हाताशी येते. चित्र सोफ्याच्या वर लावू म्हणतो. तिथे ते कोणाला कधी दिसणार नाही. रोज ठिपके दिसतील, बंदर दिसणार नाही. मला तिकडे जायचे नाही. मला माझ्या बोळकांडीच्या टोकाला मरेपर्यंत उभे राहायचे आहे, आणि टीव्ही चालू होता एवढे म्हटले तर ते जमण्यासारखे आहे, हे मला कळते. आज इथे येताना वाटेत मी तेच म्हणायचे ठरवले होते. बाईंनी पेन उघडले तेव्हाही ठरलेलेच होते.

तरी टीव्ही चालू होता असे मी सांगत नाही. टीव्ही बंद होता, त्यावर धूळ आहे. लांब उभे राहणाऱ्याने जे दिसते ते बोलायचे, याच्यावर माझे सगळे आयुष्य गेले. समोर बसलेल्या माणसाला बरे वाटावे म्हणून मी कधी खोटे 'छान' म्हटले नाही. ते कधी कधी रुसायचे, जेवायचे नाहीत, तरी नाही म्हटले. आता स्वतःला बरे वाटावे म्हणून म्हटले तर त्यांनी मला टोकाला उभे केले ते चुकीचेच ठरेल.

तर बाईंच्या प्रश्नाचे उत्तर. घरात दुसरे कोणी नव्हते. पुरुष शिरला नव्हता. 'अहो' मी माझ्या पतींना म्हणत होते. ते घरात नव्हते. माझे डोके ठिकाणावर आहे. ते नाहीत हे मला माहीत असते, ओरडतानाही माहीत असते. ओरडून झाल्यावर जास्त माहीत असते. तरी दुसऱ्या कोणत्या नावाने ओरडावे ते मला येत नाही.

एवढे सांगून होईतो मुलगा बाकावरून उठून दारात आला होता. दार उघडेच असल्याने त्याने ऐकले. तो म्हणाला, "आई, टीव्ही म्हणायला काय झालं होतं तुला?" मी म्हटले, "बस तिकडे, माझा जबाब चालू आहे." तो बसायला गेला नाही. चौकटीला टेकून उभा राहिला, बुटांकडे बघत. मला न्यायचे की नाही यावर तो काही बोलला नाही, मीही विचारले नाही. त्याला काय दिसते ते त्याचे त्याने बोलावे.

यानंतर अंमलदार बाईंनी सगळे सावकाश वाचून दाखवले. 'घरात दुसरे कोणी नव्हते' इथे त्या थांबल्या. म्हणाल्या, "याच्या आधी 'त्या वेळी' घालते. 'त्या वेळी घरात दुसरे कोणी नव्हते.' तसंच लिहायची पद्धत आहे."

मी म्हटले, "नको. त्या वेळी असं काही नाही. कोणी नसतंच."

त्यांनी ते शब्द घातले नाहीत. बाकी सगळे माझ्याच तोंडचे आहे, ऐकून खात्री केली. मुलासमोर सही करते.